माझ्या पोटात भाजलेला रंग

या मित्रांनो, जरा जवळ सरका. घाबरू नका, आत्ता मी थंड आहे. ज्याने विस्तवाला ऊब दिली आणि चटकाही दिला, त्याला आधी मनोभावे नमस्कार करू आणि मग गोष्टीला लागू. गोष्ट आहे एका लोखंडी टांगेची आणि तिच्यासाठी एका घराने केलेल्या खटाटोपाची.

मी एक जुना ओव्हन आहे. पत्र्याचा देह, काचेचे दार आणि पोटात एक पिवळा दिवा. कारखान्यातून निघालो तो थेट एका आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसलो. तिने माझ्यात पाव भाजले, केक भाजले, बिस्किटांचे तर डबेच्या डबे भरले. शेजारीण म्हणायची, "तुमच्या ओव्हनच्या हाताला चव आहे हो!" मला हात नाहीत, पण कौतुक कुणाला नको असते?

आईची मुलगी सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. घरात तिचा काकाही राहायचा. तो बस चालवायचा. एकदा मोटरसायकलवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. हाड जुळले, मन मात्र जुळले नाही. गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली गंजत राहिली आणि काका तिकडे फिरकेनासा झाला.

एक दिवस जेवताना त्याने सांगून टाकले, "भंगारवाला रविवारी येतोय. गाडी घेऊन जाईल."

ठिणगीचा घास हातातच राहिला. "काका, असं नका करू! मी करते ना तिला नवी. गंज काढते, पावडर मारते, भाजते..."

"पावडर? तोंडाला लावतात ती?"

"रंगाची हो! तापली की वितळते आणि लोखंडाला घट्ट धरून बसते."

काकाने हातातला घास संपवला. मग म्हणाला, "बरं. एक भाग करून दाखव. मला पटला तर भंगारवाल्याला परत पाठवीन. नाही पटला, तर पुन्हा त्या गाडीचं नाव काढायचं नाही."

पावडर आणि भाजणे हे दोन शब्द ऐकून मला वाटले, केकच करायचा असेल! पण ठिणगी आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुझा ओव्हन देशील?"

"ने की. परत कधी देशील?"

"परत नाही देता येणार. एकदा रंग भाजला की त्यात पुन्हा कधीच अन्न भाजायचं नाही. पोटात विष जाईल."

आईने माझी काच पुसली. तीच पुन्हा पुसली. मग म्हणाली, "एक शेवटचा केक करते आणि देते." त्या केकचा तुकडा काकापुढे ठेवताना ती म्हणाली, "भावोजी, माझा ओव्हन चाललाय हं. आता नीट डोळे उघडून बघा, काय होतंय ते."

अशी माझी रवानगी गॅरेजात झाली. मित्रांनो, खरे सांगतो, आधी मी रुसलो. पण रुसवा फार टिकला नाही, कारण समोर जे चालले होते ते मी जन्मात पाहिले नव्हते! ठिणगीने गाडीचा साइड स्टँड काढला. गाडी कलती उभी राहते ना, तीच ती एकटी टांग. तिने गंज घासून काढला, तेलकटपणा पुसला आणि हातमोजे घालून टांग हुकाला टांगली. बोटाचा डागसुद्धा लागू द्यायचा नव्हता. नाकातोंडाला मास्क बांधून तिने दुकानातून मागून आणलेली पावडर फवारायची बंदूक उचलली. बंदुकीतून निळ्या धुळीचा ढग निघाला.

पण धूळ टांगेवर बसेचना. भुरभुरून खाली पडू लागली.

काका दारात उभा होता. "झालं? मला वाटलंच होतं..." म्हणत तो वळला. पण पाय उचलेना. कुतूहल ही मोठी चिवट गोष्ट आहे, मित्रांनो. तो पुन्हा वळला. "ही तार कशाला लावलीस गं हुकाला?"

"बंदूक धुळीत वीज भरते. ती वीज लोखंडातून तारेच्या वाटेने जमिनीत उतरू बघते, म्हणून धूळ लोखंडाकडे ओढली जाते. तार हुकाला, हुक टांगेला."

"आणि हुकाला हा काळा रंग कसला?"

"मीच दिला. गंजकट दिसत होता, म्हटलं नीटनेटका दिसू दे."

काकाने नखाने हुक खरवडला. "मग वीज या रंगातून जाणार कशी?"

ठिणगीने कपाळावर हात मारला. आई दारातूनच हसली, "घ्या! वऱ्हाडाला नटवलं आणि नवरी राहिली तशीच!"

काकाही हसला. कानस घेऊन त्याने स्वतःच हुक घासून उघडा केला. ठिणगीने पुन्हा बंदूक चालवली. या खेपेला धूळ धावत गेली आणि टांगेला मायेने बिलगली. मग टांग माझ्या पोटात आली. मी जीव ओतून तापलो.

"काका, बघा, आता धूळ वितळून ओली दिसेल!" ठिणगी म्हणाली.

पाय मोडल्यापासून काका जमिनीवर बसला नव्हता. आज तो भिंतीला धरून, दात आवळून खाली बसला आणि त्याने माझ्या काचेला नाक लावले. दिव्याच्या उजेडात ती पिठासारखी धूळ हळूहळू वितळली, चमकली आणि निळीशार झाली. "अरे देवा," एवढेच तो पुटपुटला.

रविवारी फाटकाशी भंगारवाल्याची हाक आली. काका आतूनच ओरडला, "गाडी नाही द्यायची! कामात आहोत!" मग ठिणगीकडे वळून म्हणाला, "हँडल मावेल का गं याच्यात? मोजून बघ ना."

मित्रांनो, एखादी वस्तू टाकून देण्याआधी एकदा वाकून तिच्या आत बघा. आणि रंगाची भट्टी अन्नापासून नेहमी दूर ठेवा. माझे एवढेच मागणे आहे. रस्त्यात एखादी निळीशार गाडी झळकताना दिसली, तर त्या आईची आठवण काढा. ती आता तव्यावर झाकण ठेवून पाव भाजते, खालून करपलेला तुकडा स्वतःच्या ताटात घेते आणि म्हणते, "बरा झालाय."