माटालेनाच्या डोळ्यातलं भूत

माझ्या भावाच्या, साकारियाच्या बिनभिंतींच्या घराच्या खांबाखांबाला धरून माणसं लटकली होती. चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढणारे इथे पुढे उभं राहायला धक्काबुक्की करत होते. मधोमध चटईवर माझी भाची माटालेना बसली होती, दोन्ही हात दोरीने बांधलेली. तिच्यासमोर लाउलू मांत्रिक. मी शहरातली, आपियाच्या शाळेतली मास्तरीण; शनिवारच्या बसने गावी आले, ती थेट या जत्रेत.

लाउलू तिच्या कपाळावर, पापण्यांवर हळदीचं खोबरेल चोळत होता आणि तोंडाचा पट्टा चालूच होता.

"ओळखलं तुला! सेउला ना तू? भावाने तुला अंगणात पुरलं नाही, म्हणून पोरीच्या डोळ्यांतून बघतेस होय? बघ बघ! आज शेवटचं बघून घे!"

सेउला आमची थोरली बहीण. आमच्याकडे आपलं माणूस आपल्या घराच्या अंगणात पुरतात; ही गेल्या वर्षी वारली, ती नवऱ्याच्या गावी पुरली. आमच्यात भाऊ एक वेळ पाद्रीबाबांना उलटून बोलेल, बहिणीला नाही. बहिणीचा शाप म्हणजे घराचं वाटोळं, हे पोरं दूध पितानाच शिकतात. लाउलूने नेमकी तीच नस धरली होती.

त्याने पांढरं फडकं वाडग्यातल्या 'मंतरलेल्या पाण्यात' बुडवलं आणि माटालेनाच्या पापण्यांवरून फिरवलं. फडकं लालभडक झालं.

"रक्त! ना जखम, ना ओरखडा!"

बायका रडायला लागल्या. माझी भावजय फियासिली लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं विणत आणलेली बारीक विणीची चटई, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू, घेऊन पुढे आली आणि तिने ती लाउलूच्या पायाशी ठेवली.

"आई, भाजतंय गं! डोळा भाजतोय!" माटालेना किंचाळली.

"ही तुमची पोर नाही बोलत," लाउलू म्हणाला. "मेलेली बोलतेय. तिकडे लक्ष देऊ नका."

आणि खरंच कुणी दिलं नाही. सख्ख्या आईनेसुद्धा.

माटालेनाला कानात आवाज ऐकू यायचे. आपियाच्या इस्पितळात नेली, तर डॉक्टरने तिला एकटीला आत घेतलं. आईबाप बाहेर बाकड्यावर. थोड्या वेळाने गोळ्यांची पुडी हातात आली, वर "आजार मेंदूचा आहे" एवढंच. साकारिया चिडून मला म्हणाला होता, "ताई, आमची पोर एकटी असते का कधी? घर कोणाचं, मेलं कोण, भांडण कुणाशी, काही विचारलं नाही. मी बाप की तिला पोचवायला आलेला ड्रायव्हर?" तरी गोळ्यांनी तिला झोप लागायला लागली, ती पुन्हा गायलाही लागली. मग लाउलू आला. गोळ्यांनी भूत आत कोंडलं जातं म्हणाला आणि गोळ्या समुद्रात गेल्या. डॉक्टरने ज्याला बाहेर बसवलं होतं, त्याला लाउलूने शेजारी बसवून सगळी घरकहाणी ऐकून घेतली होती. त्याचं भांडवल तेवढंच.

मी गर्दीतून वाट काढली आणि वाडग्यात बोट बुडवलं. पाणी बुळबुळीत लागलं. आमची आजी पोरांच्या केसांतल्या उवा मारायला प्रवाळ भाजून चुना करायची, तसं. तो चुना हळदीच्या कपड्यावर सांडला की कपडा लाल व्हायचा आणि आम्ही मार खायचो. गावातल्या प्रत्येक म्हातारीला हे ठाऊक होतं. आज एकीलाही आठवलं नाही.

मी माझ्या दंडाला तेच तेल चोळलं, फडक्याचा कोरा कोपरा त्याच पाण्यात बुडवून त्यावरून फिरवला. लाल.

"बोला लाउलू, माझ्यात कोण शिरलंय?"

"मास्तरीणबाई, नसतं अंगावर घेताय."

"लिंबू आणा रे कुणीतरी."

लिंबू आलं. मी ते फडक्यावर पिळलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत 'रक्त' पिवळं झालं, साधी हळद. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, हा चुना आहे!"

साकारियाने मात्र माझा हात धरला. "ताई, पाणी चुन्याचं असेल. पण शाप?"

"शाप बहिणीचाच लागतो ना? मग मी कोण तुझी? सेउला गेली तेव्हा मी उशाशी होते. शाप नाही दिला तिने. माटालेना गाते का गं अजून, एवढंच विचारलं तिने. सोड पोरीचे हात."

त्याने दोरी सोडली. सोडताना तो ओक्साबोक्शी रडत होता.

या गडबडीत लाउलू चटई काखेत मारून निसटला. त्याची पिशवी बसवर चढवून द्यायला गावातलाच एकजण धावला, हेही सांगून ठेवते.

मी माटालेनाचे डोळे धूत राहिले, स्वच्छ पाण्याने, कितीतरी वेळ. उजवा लाल होता. डाव्यावर दुधाळ पडदा आला होता. गेले कित्येक शनिवार तो चुना त्यात जात होता. ज्याने फडकं लाल होत होतं, त्यानेच डोळा जळत होता, आणि आमचं गाव हात जोडून बघत होतं.

इस्पितळात यावेळी आम्ही सगळेच आत शिरलो. डॉक्टर बाई म्हणाल्या, "एकटीच..." मी म्हटलं, "नाही. सगळे." नर्सने चटई अंथरली. साकारियाने सेउलाबद्दल सांगितलं, बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग हा आजार काय आहे ते त्याला समजेल असं समजावलं. हेच पहिल्या दिवशी झालं असतं तर? डाव्या डोळ्याला दृष्टी परत येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आता फियासिली रोज कोकोबरोबर गोळी देते. आवाज कमी झालेत. परवा माटालेनाने मला विचारलं, "आत्या, मी भाजतंय म्हणून ओरडत होते. ऐकू येत नव्हतं का कुणाला?"

ऐकू येत होतं, पोरी. सगळ्यांना.

म्हणून हे लिहिलं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्यात बोट बुडवून बघा, लिंबू पिळून बघा. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या, आणि डॉक्टर दार लावून घेत असेल तर दारात उभे राहा. आणि बांधलेलं माणूस भाजतंय म्हणून ओरडलं, तर भाजतंय असंच समजा आणि आधी पाणी आणा.