पायाळू बिलकीसची जीप

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. अर्धापूरच्या एका केळीच्या मळ्यात, बांधाकडेला मला उभं करून ठेवलंय. इंजिन काढून घेतलंय, पण डोक्यावरचं पत्र्याचं छत आणि दारं शाबूत आहेत. आभाळात ढग चढू लागला, की मला अजून पळावंसं वाटतं.

माझे मालक सरदारभाई. त्यांनी मला भंगारातून उचललं आणि आपल्या गॅरेजात पुन्हा उभं केलं. त्यांची मुलगी बिलकीस मला चालवायला शिकली आणि माझं नशीबच पालटलं. बाकीच्या गाड्या वादळ दिसलं की घराकडे पळतात. आम्ही दोघी त्याच्या मागे लागायचो! मोबाइलवर रडारचं चित्र बघायचं, ढगाची वाट हेरायची, आणि त्याच्या आधी मळ्यात पोचून माझ्या टपावरच्या भोंग्यातून ओरडायचं, "विजा येऊन राहिल्या! झाडाखाली थांबू नका!" सुरुवातीला लोक हसत. मग एका वर्षी गारांनी उभी केळी आडवी केली, पण माणसं वेळेवर घरी पोचली होती. तेव्हापासून भोंगा ऐकताच हातातली खुरपी खाली पडू लागली. त्या दिवसांत मला कोण अभिमान!

पण एक गोष्ट कुणी विसरत नव्हतं. बिलकीस पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसावर वीज पडते, असं आमच्याकडे पक्कं समजतात. गडगडू लागलं की तिच्या शेजारी कुणी उभं राहत नसे.

एका वैशाखात ढगाने आम्हाला चकवलं. आम्ही याच मळ्यात पोचलो तेव्हा तो डोक्यावर आला होता. सिंधुमावशी आणि तिच्यासोबतच्या मजूर बाया चिंचेखाली अंग चोरून उभ्या होत्या.

बिलकीसने दारं उघडली. "मौशी, आत बसा. पत्र्याच्या बंद गाडीत वीज काही करत न्हाई."

सिंधुमावशी जागची हलली नाही. "तू पायाळू हाईस, माय. तुझ्यासंगं न्हाई बसत आमी."

"मग मी उतरते. तुमी बसा."

ती खरंच उतरली. मित्रांनो, मला हात असते तर तिला धरून ठेवलं असतं. ती लांब खोलगट जागी जाऊन उकिडवी बसली, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. बाया चढल्या, दारं लागली, आणि चिंचेवर वीज कोसळली. झाड उभं चिरलं.

पहिलं दार उघडलं ते सिंधुमावशीनं. "बिलकीस! ये गं माय, आत ये!" धावत जाऊन तिने बिलकीसचं मनगट धरलं आणि ओढत आणून स्टिअरिंगपाशी बसवलं. दोघी रडत होत्या.

आता बिलकीस दूर शहरात हवामानाच्या कचेरीत रडारसमोर बसते. मी थकले, तेव्हा सरदारभाईंनी मला न मोडता इथे आणून ठेवलं. ढग निघाला की सिंधुमावशीला तिचा फोन येतो, आणि मावशी बायांना माझ्यात कोंबते. स्टिअरिंगकडे कुणी सरकलं की ती खेकसते, "तिथं नगं. ती बिलकीसची जागा हाय."

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना थोडं तेल देत जा, दारं अडकू देऊ नका. आणि कुणाला आत घेताना तो कसा जन्मला ते विचारू नका. बाहेर विजा कडाडत असतात, आत सगळ्या जणी सुखरूप असतात, आणि मी त्या रिकाम्या जागेवर बिलकीस येऊन बसण्याची वाट बघत असते.