डावीकडे काहीच घडले नाही

मित्रांनो, मला डोळ्यांना लावण्याआधी माझ्या उजव्या काचेच्या कडेला असलेला ओरखडा पाहून घ्या. नखाएवढाच आहे. तो कसा पडला ते मी पुढे सांगणारच आहे, कारण त्यात माझ्या मालकांच्या स्वभावाची अर्धी गोष्ट आली. मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या पोटाखाली कोरलेला आकडा कधीच झिजून गेला, त्यामुळे वय विचारू नका. खोड मात्र जन्मापासूनची एकच, चौकसपणा. समोर काही हलले की ते काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ खोलीत झाला. तिथे पांढरे कोट घातलेल्या बायका रांगेत बसून काचा घासत. घासायची, उजेडाकडे धरायची, मान हलवायची आणि पुन्हा घासायची. माझी डावी काच जिने घासली, तिने ती अकरा वेळा परत खाली घेतली. तेव्हा मला वाटले होते, ही बाई उगाच किरकिर करते. तिच्या त्या किरकिरीवर मी आजवर जगते आहे.

पहिली सतरा वर्षे मी बंदरावरच्या एका पहारेकऱ्याच्या गळ्यात काढली. बोट आली, बोट गेली, एवढेच काम. पुढे माझ्या आतली एक काच निखळली, तेव्हा त्याने मला एका चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीला टाकले आणि तो पुन्हा आलाच नाही. मी वर्षभर खणात पडून होते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते म्हणून दुकानाच्या मालकांनी मला उघडले, पुसले, काच जागेवर बसवली आणि दाराबाहेर रोखून पाहिले. समोर रस्ता होता, रस्त्यापलीकडे तारेची जाळी आणि जाळीमागे हॉकीचे मैदान. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. दुकान इतके अरुंद की दोन गिऱ्हाइके आली तर एकाला पायरीवर उभे राहावे लागे. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर बोटाएवढे स्क्रूड्रायव्हर आणि एका डबीत चष्म्याच्या बिजागरीचे स्क्रू, मोहरीएवढे. पण काकांचा जीव होता समोरच्या मैदानात. गावच्या संघाचा सामना असला की दुकानाला कुलूप आणि मी त्यांच्या गळ्यात. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी बांधलेल्या पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवरची त्यांची जागा ठरलेली होती.

दुकानाच्या दाराशी एक काळा फळा होता. एरवी त्यावर ‘डोळे तपासून मिळतील’ असे लिहिलेले असे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी काका ते पुसून टाकत आणि अकराही खेळाडूंना दहापैकी गुण देत, शेजारी एका ओळीचा शेरा. ‘इंजिन : सात. धावला खूप, थांबायचे कुठे ते कळले नाही.’ इंजिन म्हणजे आमचा आघाडीचा खेळाडू. ‘गोलरक्षक : पाच. उजवा हात जागा, डावा झोपलेला.’ शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून वाचायला येई. खेळाडूही येत. चांगले गुण मिळालेले आत येऊन उगाच फ्रेमा न्याहाळत, नापास झालेले पलीकडच्या गल्लीने जात.

मला फार प्रश्न पडत. माणसाचा खेळ एका आकड्यात मावतो का? संधी हुकली की प्रत्येक खेळाडू आपल्या स्टिककडेच का बघतो, जणू तिनेच दगा दिला? आणि एका सामन्यात नऊ गुण मिळवणारा पुढच्या सामन्यात तीनवर येतो, तेव्हा मधल्या सात दिवसांत नेमके काय हरवते? पण मला विचारतो कोण! मी आपली काका वळवतील तिकडे वळत असे. आणि काका मला नेहमी चेंडूवरच वळवत.

आमच्या संघात डाव्या बचावाला एक उंच गडी खेळत असे. बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याला सगळे खांब म्हणत. हे नाव काकांनीच फळ्यावर ठेवले होते. दर आठवड्याला त्याचा शेरा तोच : ‘खांब : दोन. उभा होता.’

त्या वर्षी संघ एकामागून एक सामने हरू लागला. इंजिनचे गुडघे दुखत होते, गोलरक्षकाचे वय झाले होते. शेवटचा सामना हरलो तर खालच्या गटात जाणार हे पक्के होते. त्या दिवशी काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, पहिल्यांदा मैदानावर आल्या. त्यांना हॉकीतले ओ की ठो कळत नव्हते. त्या कपडे शिवत आणि संघाचे नवे शर्ट त्यांनीच शिवले होते. खांबाच्या हाताला नेहमीच्या मापाची बाही पुरत नव्हती, म्हणून त्यांनी काखेत एक जोड दिला होता. तो टिकतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

“अहो, ती दुर्बीण द्या जरा,” असे म्हणून त्यांनी मला घेतले आणि खांबाच्या काखेवर जे रोखले ते मध्यंतर जवळ येईपर्यंत हलवले नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांत मैदानावर मी प्रथमच चेंडू सोडून दुसरे काही पाहत होते! मला तर नवलच वाटले. खांब उभा नव्हताच. तो दोन पावले पुढे येई, एक मागे जाई, हाताने कुणाला तरी सरकवी, सारखा बोलत असे. समोरचा खेळाडू त्या बाजूला चेंडू टाकायला स्टिक मागे नेई, खांबाला पाही आणि विचार बदलून दुसरीकडे वळे.

“अहो, ते लोक याच्याकडे चेंडू टाकतच नाहीत,” काकू म्हणाल्या. “टाकायला जातात आणि याला बघून गप बसतात.”

“अगं, चेंडू कुठाय आणि तू बघतेस कुठे! दे इकडे.”

“जोड मात्र छान बसलाय हं,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला परत केले. तेवढ्यात उजव्या बाजूने आमच्यावर गोल झाला. काकांनी रागाने माझी काच शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसली, त्यात शर्टाचे बटण लागले आणि हा ओरखडा पडला. चष्म्याला शर्ट लावणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच काका दुकानात फैलावर घेत. आम्ही तो सामना हरलो.

आठवड्याने संघाचे प्रशिक्षक दुकानात आले. दिवसा ते शाळेत कवायत शिकवत. “काका, संघ नव्याने बांधायचाय. तुमचं निरीक्षण पक्कं. कोणाला ठेवू, कोणाला काढू?”

काकांची छाती फुगली. “हे बघा, माझ्याकडे लोक जुना चष्मा घेऊन येतात. फ्रेम चांगली असेल तर मी तिला हात लावत नाही, काचा बदलतो. तसंच करा. इंजिनला ठेवा, पोरांना शिकवेल. गोलरक्षक बदला. आणि तो खांब काढा. त्याच्या जागी राखीवातला तो पोरगा घ्या, वारा म्हणतात तो, काय पळतो!”

प्रशिक्षकांनी सगळे लिहून घेतले. मी खिळ्याला लटकून ऐकत होते. मला ओरडावेसे वाटत होते, पण दुर्बिणीला डोळे असतात, तोंड नसते.

दोन दिवसांनी खांब आईचा चष्मा घेऊन आला. एक काडी निखळली होती. काकांनी डबीतून स्क्रू काढला आणि मान खाली घालून बसवू लागले. खांब दारातल्या फळ्याकडे पाहत उभा राहिला.

“काका, रागावणार नसाल तर विचारू? नेहमी दोनच का हो?”

“तू काही करताना दिसत नाहीस रे,” काका वर न बघता म्हणाले.

“बरं.” मग त्याने मला खिळ्यावरून काढले, मैदानाकडे धरून पाहिले आणि जपून परत टांगले. “छान आहे. स्पष्ट दिसतं एकदम. पण फार थोडं दिसतं, नाही का?”

आईचा चष्मा रुमालात गुंडाळून तो निघून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागले. मी आजवर किती थोडे पाहिले, असे कुणीच मला म्हटले नव्हते.

नवा संघ मैदानात उतरला. वाऱ्याने टाळ्या घेतल्या. चेंडू दिसला की तो त्याच्यामागे सुसाट सुटे आणि काका त्याला आठ गुण देत. तरी आम्ही पहिला सामना चार गोलांनी हरलो, दुसरा पाच गोलांनी. काकांनी शेरे लिहिले, नव्या गोलरक्षकाला तीन दिले, मधल्या फळीला बोल लावले. सगळे गोल डावीकडून होत होते, पण गोलाआधीच्या चार पावलांत चेंडू मधोमध येई. मी चेंडूवर आणि काका माझ्यात. आम्हा दोघांना चेंडू दिसत होता, भोवतीचे मैदान नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तिसऱ्या सामन्यात मध्यंतराआधीच तीन गोल झाले. काकांनी मला डोळ्यांवरून काढले. “डोकं दुखतंय,” असे शेजाऱ्याला म्हणाले आणि मला तसेच पोटावर लोंबकळत ठेवले. माझ्या काचा पायरीच्या फरशीकडे होत्या. मला काही दिसत नव्हते, फक्त काकांच्या पोटाचा श्वास कळत होता. उत्तरार्धात तो श्वास एकाएकी थांबला.

“अरे, ती डावी बाजू केवढी मोकळी आहे,” काका हळूच म्हणाले.

मग ते शेजाऱ्याला बोट करून दाखवू लागले, त्यावरून मला कळले : वारा चेंडूमागे उजवीकडे गेला होता आणि त्याच्या मागे अख्खे रान पडले होते. प्रतिस्पर्धी तिथे हात वर करून वाटच बघत होता. काकांना नुसत्या डोळ्यांनी सगळे मैदान एकदम दिसत होते. इतकी वर्षे त्यांना जे दाखवणे मला जमले नाही, ते त्यांनी मला बाजूला ठेवल्यावर दिसले. मित्रांनो, मला त्या दिवशी फार वाईट वाटले. मी खोटे कधीच दाखवले नव्हते, पण माझ्या खऱ्यामुळेच एका माणसाची जागा गेली होती.

घरी काकूंनी विचारले, “आज काय गप्प गप्प?”

“तू त्या दिवशी म्हणालीस ना, ते लोक त्याच्याकडे चेंडू टाकत नाहीत म्हणून.”

“म्हणाले होते. तुम्ही ऐकलंत कुठे?”

“मी काचा बदलल्या गं,” काका म्हणाले, “आणि बिजागरीचा स्क्रूच काढून फेकला.”

सकाळी त्यांनी फळा पुसला. बराच वेळ खडू हातात घेऊन उभे राहिले. चारचौघांत आपली चूक लिहायची म्हणजे हात जड होतोच. मग त्यांनी एकच ओळ लिहिली : ‘चष्मेवाला : दोन. सगळा मोसम चेंडूमागे पळाला.’ न्हावी हातात वस्तरा घेऊन आला, वाचून हसू लागला आणि काकांचे तोंड पाहून हसायचा थांबला. काका दुकान तसेच उघडे टाकून आधी शाळेत प्रशिक्षकांकडे आणि तिथून डेपोत गेले. मी त्यांच्या गळ्यातच होते.

खांब एका बसखाली आडवा पडला होता. फक्त बूट दिसत होते. काका त्या बुटांशीच बोलले. “अरे, मी चुकलो. प्रशिक्षकांना सकाळीच सांगून आलोय. ते तुला बोलावणार आहेत, पण त्याआधी मीच यावं म्हटलं.”

बसखाली पाना थांबला. “माझं वय झालंय काका. पोरं पळतात. मला नाही तसं पळता येत.”

“पळू नकोस. उभा राहा. आणि त्या वाऱ्याला शिकव, कुठे उभं राहायचं ते.”

खांब लगेच बाहेर आला नाही. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काय होते हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि ते न दिसल्याची हुरहुर मला अजून आहे. बाहेर आला तेव्हा तो तेलकट हात पुसत एवढेच म्हणाला, “काकूंना सांगा, शर्टाचा जोड अजून शाबूत आहे.”

पुढच्या सामन्यात खांब डावीकडे आणि वारा त्याच्या पुढ्यात होता. खांब ओरडे, “थांब! आता जा!” आणि वारा थांबायला शिकत होता. काकांनी मला अर्धा वेळच डोळ्यांना लावले. कधी चेंडूवर, कधी खांबावर, मग खाली घेऊन सगळ्या मैदानावर नजर. सामना बरोबरीत सुटला, एकही गोल झाला नाही. लोक कंटाळून उठले, पण तिसऱ्या पायरीवर एक म्हातारा उभा राहून टाळ्या पिटत होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले होते : ‘डावा बचाव : नऊ. डावीकडे काहीच घडले नाही.’ खांब हे नाव काकांनी पुन्हा कधी लिहिले नाही. संध्याकाळी तो डेपोतून परतताना दाराशी थांबला आणि मिश्कील हसला.

“काका, नऊच का हो?”

“एक राखून ठेवलाय,” काका म्हणाले. “तू अजून काय काय करतोस, ते सगळं मला कुठे दिसतंय?”

आता काका दुकानात बसत नाहीत. मी त्याच खिळ्याला आहे आणि ज्याला हवी तो मला उतरवून घेतो. तुम्हीही घ्या. फक्त माझी काच मऊ कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. एक ओरखडा पुरे झाला. आणि माझ्यातून मनसोक्त पाहून झाले की मला क्षणभर खाली घ्या. चेंडूपासून लांब, कुणी लक्ष देत नाही अशा जागी कोण उभे आहे, ते आपल्या डोळ्यांनी शोधा. सापडले तर मला पुन्हा वर उचला आणि त्याच्याकडे वळवा. मलाही त्याला जवळून पाहायचे आहे.