हिकरीची खुर्ची आणि परसातल्या खारी

मी एक जुनी डुलती खुर्ची आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीखालच्या वस्तीत, एका घराच्या मागच्या ओसरीवर मी असते. माझा एक पाय तारेने बांधलेला आहे. तो कसा मोडला, ते सांगते, मित्रांनो.

परसातले एक हिकरीचे झाड वादळात पडले, त्याच्या लाकडातून या घरच्या ऑर्व्हिलने मला घडवले. सालीच्या पट्ट्या भिजवून बैठक विणली. आर्लेटाशी त्याचे नुकतेच लग्न झाले होते. आलेगेले माझ्यावरून हात फिरवत आणि त्याच्या कसबाची तारीफ करीत. मग तो खाणीत उतरला आणि मी रिकामी पडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. सुट्टीला तो आणि धाकटा भाऊ हार्लन खारी मारून आणत. आर्लेटा त्या पिठात घोळवून तळत असे.

कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी केली, तेव्हा ऑर्व्हिल माझ्याकडे परतला. नाकात प्राणवायूची नळी लावून तो दिवसभर परसातल्या खारी बघत बसे. बंदूक त्याने हार्लनला देऊन टाकली.

मित्रांनो, खारी तुम्हाला गोड वाटत असतील. मी मात्र तिथे रक्तच जास्त पाहिले. मादीसाठी नर एकमेकांचे कान फाडत. ससाणा खारीला कुंपणावर दाबून जिवंतपणी सोलत असे. ऑर्व्हिल सगळे बघे, पण नजर वळवत नसे.

एका उन्हाळ्यात काळा साप परसात उरलेल्या दुसऱ्या हिकरीच्या ढोलीत शिरला. आत खारीची पिल्ले होती. आई त्याच्यावर तुटून पडली. तिने त्याला चावे घेतले, तरी एक पिल्लू त्याने गिळलेच. उरलेली तोंडात धरून ती एकेक करून सरपणाच्या खोपटाकडे नेऊ लागली. ऑर्व्हिल पुढे झुकून बघत होता.

तेवढ्यात हार्लन बंदूक घेऊन आला. खारींनी त्याच्या गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या, त्यामुळे तो संतापाने फणफणत होता. कुंपणावरचा नर त्याने गोळीने खाली पाडला. तो तडफडू लागला, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने त्याचे डोके ठेचले. मग त्याने त्या आईवर नेम धरला.

"थांब, हार्लन," ऑर्व्हिल म्हणाला.

"तू गप बस, दादा. तुझ्या लाडानंच माजल्यात या."

ऑर्व्हिल उठला. नळी नाकातून निसटली. कितीतरी वर्षांत ज्याने पाण्याची बादली उचलली नव्हती, त्याने मला डोक्यावर उचलले आणि भावावर हाणले. गोळी छपरात घुसली. माझा पाय मोडला, हार्लनचे मनगट मोडले, आणि त्याच्या कपाळाचे रक्त माझ्या विणीत झिरपले.

ऑर्व्हिलही कोसळला. त्याचे ओठ निळे पडले. आर्लेटा धावत बाहेर आली, तोवर हार्लनने एका हाताने त्याचे डोके मांडीवर घेऊन नळी पुन्हा नाकाशी धरली होती.

"खारीपायी हात मोडलास माझा," तो रडत म्हणाला.

"तिच्या तोंडात पिल्लू होतं रे," ऑर्व्हिल कसाबसा म्हणाला.

दवाखान्यात हार्लनने जिन्यावरून पडलो असे सांगितले. हाताला प्लास्टर असतानाच त्याने माझा पाय तारेने बांधला. आर्लेटाने रक्त घासले, पण डाग गेला नाही. त्या वर्षी झाडांची पाने गळण्यापूर्वी ऑर्व्हिल वारला. शेवटपर्यंत दोघे भाऊ ओसरीवर बसत, पण त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही. आता हार्लन माझ्यावर एकटा बसतो.

मित्रांनो, मला वाऱ्यापावसातून आत घ्या, माझी वीण सैल झाली तर घट्ट करा. पण त्याआधी एक करा. घरात कुणाचा राग चढू लागला, की त्याच्या हाताशी काय आहे ते बघा आणि दूर सरकवा. बंदूक तर सरकवाच, पण मलाही सरकवा. मी एका माणसाला विसावा मिळावा म्हणून घडले होते.