दारासमोरच्या बाटल्या

रुक्मिणीचा हात तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत गेला आणि काचेला लागला.

हात तिथेच थबकला. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं. नवरा जाऊन वर्षं लोटली, पण हातानं काही विसरायचं मनावर घेतलेलं नव्हतं. तांदळातून बाटली अशी ओढायची की दाण्याचा आवाज होऊ नये, झाकण पदरात धरून पिळायचं, मोरीत उपडी करायची आणि वरून तांब्याभर पाणी. सगळं आपोआप झालं, झोपेत कूस बदलावी तसं. मोरीच्या पांढऱ्या फरशीवरून लाल ओघळ निघाला. अर्धी बाटली वाहून गेल्यावर तिच्या नाकाशी वास आला, आणि तो तिच्या ओळखीचा नव्हता. नवऱ्याच्या बाटलीला घासलेटासारखा भपकारा असे. हा वास अंगणात वाळत घातलेल्या रातांब्यांचा होता, जाळीत पिकून फुटलेल्या करवंदांचा होता. तिला तो आवडला, म्हणून तिला आणखी राग आला. उरलेली अर्धीही तिनं ओतली.

मग ती ओट्याशी येऊन तांदूळ पाखडू लागली. सूप हातात आलं की तिच्या आईची ओवी आपसूक ओठांवर यायची:

तांदूळ पाखडीते, खडा वेचून काढीते,
घरातली गे लाज माझी, पदराआड दडविते.

श्रुतिका बाजारातून आली ती थेट स्वयंपाकघरात. सोमवार तिच्या सुट्टीचा. अंधेरीच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची, हे ती सांगायची. त्याचा अभ्यास केला होता, परीक्षा दिल्या होत्या. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या शेजाऱ्यांना मात्र रुक्मिणी सांगायची, ‘पोरगी हॉटेलात सुपरवायझर आहे.’

“आई, पिंपात एक बाटली होती.”

“होती.”

“म्हणजे?”

“ओतली.”

श्रुतिका खाली बसली. ओरडली नाही, आणि तेच रुक्मिणीला जड गेलं. 

“ती द्राक्षं मी तोडली होती गं,” ती म्हणाली. “नाशिकला गेले होते ना तोडणीला, हात सगळे चिकट, मधमाश्या मागे लागलेल्या. त्यांची वाइन झाल्यावर त्या मळ्याच्या मालकिणीनं पहिल्या भरणीतली एक बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, हिला अजून दोन-तीन वर्षं झोपू दे, मग बघ. मी तिला सगळ्यात थंड, सगळ्यात काळोखी जागा शोधून दिली.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“तू ओतली असतीस.”

“लपवलीस म्हणून ओतली.” रुक्मिणीनं सूप खाली ठेवलं. “ऐकते आहेस? वर ठेवली असतीस, तर मी विचारलं असतं हे काय गं. लपवलेली वस्तू दिसली की मी विचारत नाही. माझा हात विचारत नाही.”

मोरीतून अजून करवंदांचा वास येत होता.

“अजून आहेत?” रुक्मिणीनं विचारलं.

“माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे. आठ-दहा.”

“बाहेर काढ. नीट जागा बघू.”

आणि मायलेकी त्या दोन खोल्यांच्या घरात जागा शोधायला निघाल्या. एकीला ठेवायची जागा हवी होती. दुसरीनं जन्मभर लपवायच्या जागा शोधल्या होत्या.

“माळा?” रुक्मिणी म्हणाली. “तुझे बाबा गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवायचे.”

“वर स्लॅब तापतो गं. मे महिन्यात उकळून जाईल.”

“सिलिंडरमागे?”

“शेगडीची धग. आणि कांदे-लसणाचा वास. बुचातून आत शिरतो तो.”

“दिवाणात, गाद्यांखाली.”

“डांबराच्या गोळ्या आहेत. शिवाय तू रोज धपकन बसतेस. तिला हादरे चालत नाहीत.”

“बाळंतीणच म्हणायची!” रुक्मिणी हसली. “संडासाच्या टाकीत तर नाहीच ना?”

“तिथेही?”

“पाणी गार असतं म्हणायचे.” तिचं हसू तिथेच मावळलं. “आणि आणखी एक जागा त्यांची माझ्या लग्नाच्या ट्रंकेत होती. शालूच्या घडीत. ती मला सगळ्यात शेवटी सापडली.”

श्रुतिकानं आईचा हात धरला, मग लगेच सोडला. दोघींनाही फार वेळ हात धरायची सवय नव्हती. 

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मुंबईच्या उकाड्यात कुठलीच जागा पुरी पडायची नाही. तिच्यासाठी वेगळा लहान फ्रिज मिळतो. आपल्या फ्रिजसारखा थरथरत नाही, फार गारही करत नाही. एकसारखा गारवा, बस. काळ्या काचेचं दार असतं. पण तो कपाटात कोंबता येत नाही. मागून गरम हवा सोडतो, बाजूनं श्वास लागतो. उघड्यावरच ठेवावा लागतो.”

“मग आण.”

“ठेवणार कुठे?”

रुक्मिणी बाहेरच्या खोलीत गेली. उन्हाळ्यात दुपारी ती जिथे चटई न घेता नुसत्या लादीवर पाठ टेकायची, त्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. त्या भिंतीला ऊन कधी लागत नसे. प्लग तिथे होता. आणि घराचं दार उघडलं की पहिल्यांदा तीच भिंत दिसायची.

“इथे.”

“आई, दारासमोर? येणारा-जाणारा...”

“इथेच,” रुक्मिणी म्हणाली. “इथे पाठ टेकली की मला झोप लागते. तिलाही लागेल.”

फ्रिज आला. दोघींनी तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्याच्या पायांखाली श्रुतिकानं रबराच्या चकत्या सरकवल्या, रुक्मिणीनं वर वाटीत पाणी ठेवून पाहिलं, डुचमळतंय का. बुचाच्या बाटल्या आडव्या निजवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं, सुकून आत हवा शिरत नाही. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. लवकर उघडायच्या त्या हाताशी, दम धरायचा त्या खाली मागे.

“पण कुठली कुठली हे बघायला सारखी उपसायची का?” रुक्मिणीनं विचारलं. “झोपलेल्या पोराला दर वेळी उठवून नाव विचारतेस की काय?”

तिनं आपल्या मुलाचा, सुशांतचा, लहानपणीचा स्वेटर उसवला आणि लोकरीचे धागे बाटल्यांच्या गळ्यात बांधले. यंदा उघडायच्या त्यांना पिवळा, दम धरायचा त्यांना हिरवा. दार लावल्यावर आतला मंद दिवा लागला, आणि काळ्या काचेआड ते लोकरीचे ठिपके ओळीनं दिसू लागले. त्या दिवसापासून केर काढताना रुक्मिणी त्या कोपऱ्यात केरसुणी हलक्या हातानं फिरवायची.

स्वतः तिनं थेंब घेतला नाही. “मला नको. पोटात ढवळतं. बुचाचा वास तेवढा घेईन कधी.”

मग गावचे थोरले यायचे ठरले.

दत्ताराम म्हणजे तिचे थोरले दीर. गिरणी बंद पडल्यावर ते कुडाळकडच्या आपल्या गावी परतले होते. घराण्याचं गाऱ्हाणं त्यांच्याच तोंडचं. देवासमोर नारळ ठेवून, दोन्ही हात जोडून ते साकडं घालायचे, आणि प्रत्येक मागण्याला भोवतालच्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटलं की गाऱ्हाणं देवाला पोचलं. वर्षातून एकदा ते मुंबईत यायचे आणि भावकीच्या प्रत्येक घरी नारळ ठेवायचे.

सुशांतचा नाहूरहून फोन आला. “आई, मी काकांना घेऊन येतोय. त्या फ्रिजवर चादर टाक.”

“घुसमटतो तो.”

“मग दोन तास बंद कर.”

“आतलं तापेल.”

“यार आई, वाट लागेल! बाबा कशानं गेले ते काकांना माहिताय ना. काय म्हणतील?”

“काय म्हणतील ते ऐकून घेऊ,” रुक्मिणी म्हणाली. “तू ये.”

दार उघडं ठेवूनच ती उभी होती. दत्ताराम आत आले, चप्पल काढली, आणि भिंतीकडे बघून तसेच थांबले. हातात पिशवी, पिशवीत नारळ.

“ह्या काय गो?”

“वायनचो फ्रिज.” दिरासमोर तिच्या तोंडी गावचीच बोली यायची. “श्रुतिकाचो. तिच्या कामाचो आसा.”

“दारू? ह्या घरात?” दत्तारामांनी सुशांतकडे पाहिलं. सुशांत पंख्याकडे बघत होता. “माझो भाऊस ज्या पायी गेलो, ता तू दारात मांडून ठेवलंस? लाज नाय वाटली तुका?”

श्रुतिका पुढे झाली. “काका, मी सांगते...”

“तू थांब गो,” रुक्मिणी म्हणाली. “ह्यो माझो जाब आसा.”

तिनं पदर खोचला. आवाज चढवला नाही.

“भाऊजी, ते पिवळे पडले तेव्हा डॉक्टरान काय विचारलेलं, आठवता? किती घेतात, कधीपासून घेतात? तुम्ही काय सांगितलात?”

दत्तारामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“‘आमच्या घराण्यात कोण शिवत नाय.’ तुम्ही असा सांगितलात, आणि मियां तोंडात पदर धरून उभी रवलंय. पोटात काय चालला ता कळाक डॉक्टराक आठवडो गेलो. त्या आठवड्यात आमची इज्जत रवली, भाऊजी. माणूस गेलो.”

“ता जुना झाला...”

“शिमग्याक राखणदाराक बाटली कोण दाखयता? तुम्हीच. चार माणसांत, हात जोडून.”

“ता देवाचा!”

“मगे देवाचा उघड्यार, आणि माणसाचा पिंपात? ह्या घरात मियां तांदळात हात घातलंय तो भात शिजवक नाय, बाटली शोधूक. माझ्या लेकीन तसा करूचा नाय. तिका जा ठेवचा ता ती दारासमोर ठेवतली.”

दत्तारामांचा चेहरा काळवंडला. वाद घालणं त्यांना जमत नसे. त्यांना जमायचं ते गाऱ्हाणं. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवला, हात जोडले, आणि गावच्या देवळातही घुमायचा तो आवाज त्या दोन खोल्यांत लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो तू मान्य करून घे. ह्या घरात काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे. आणि ही जी नको ती वस्तू ह्या घरात इली हा, ती इल्या वाटेन भायर काढ रे म्हाराजा!”

ते थांबले. ही घरच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची जागा होती.

सुशांतचं तोंड सवयीनं उघडलं, त्यानं आईकडे पाहिलं आणि ते मिटलं. श्रुतिका फरशीकडे बघत होती. कोपऱ्यात फ्रिजची बारीकशी गुणगुण तेवढी ऐकू येत होती. आयुष्यात पहिल्यांदा दत्तारामांचं गाऱ्हाणं अधांतरी लोंबकळत राहिलं. त्यांनी एकदा वळून पाहिलं, खाकरले, पण दुसऱ्यांदा तेच म्हणायला जीभ वळेना.

रुक्मिणी पाटाशी गेली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं त्या घराण्यात कोणी पाहिलं नव्हतं. तिलाही शब्द पाठ नव्हते. कानावरून गेलेले होते तेवढेच. तिनं हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ह्या घरात आजपर्यंत जा काय लपवला गेला, ता मियां ह्या हातांनी शोधलंय. पिंपात शोधलंय, माळ्यार शोधलंय, माझ्या शालवाच्या घडयेत शोधलंय. आता ह्या घरात जा काय आसा, ता दारासमोर आसा. इल्या-गेल्याक दिसता. त्येची तू राखण कर. माझ्या लेकीच्या हाताक येस दी. आणि जो कोण झाक म्हणान सांगता, त्येका उघड्या डोळ्यांनी बघूचो धीर दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सुशांत होता. इतक्या मोठ्यानं, की तो स्वतःच दचकला. मागोमाग श्रुतिकानं म्हटलं, रडत आणि हसत, “व्हय म्हाराजा!”

दत्तारामांनी पिशवीची घडी केली. पुन्हा उघडली. पुन्हा केली.

“ही वस्तू हलल्याशिवाय मी ह्या घरात पाणी घेवचंय नाय,” ते शेवटी म्हणाले.

रुक्मिणी आत गेली, माठातलं पाणी पेल्यात भरून आणलं आणि फ्रिजवर ठेवलं. पेल्यातलं पाणी जरासुद्धा हललं नाही.

“पाणी हय आसा, भाऊजी. आज नको तर पुढच्या वर्षी घेवा. दार उघडा आसा.”

ते चप्पल घालून जिना उतरू लागले. सुशांत “सोडून येतो काकांना” म्हणत मागे धावला, उंबऱ्यावर थबकला, परत फिरला, आणि फ्रिजवरचा पेला उचलून एका दमात रिकामा केला.

“घसा सुकला यार,” तो म्हणाला. मग वाकून काचेतून बघायला लागला. “आई, हा माझ्या स्वेटरचा पिवळा ना?”

“हो. त्या पिवळ्यातली एक तुझ्या वाढदिवसाला उघडायची म्हणत होती ही. आता जा, काका रस्त्यावर उभे असतील.”

तो गेला. रुक्मिणीनं पाटावरचा नारळ उचलला, फोडला, आणि रात्रीच्या भाताचे तांदूळ काढायला पिंपाशी वाकली. हात कोपरापर्यंत आत गेला. तिनं मुठी भरून तांदूळ सुपात घेतले, आणि आईची ओवी ओठांवर आली ती वाट बदलून:

तांदूळ पाखडीते, सूप उन्हात धरीते,
घरातलं गे आहे नाही, दारासमोर मांडीते.

हात पुन्हा एकदा पिंपात गेला, तळापर्यंत. तिथे तांदूळच होते.