सहा गोळ्यांचा तुकडा

माझी जीभ फटकळ आहे. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. औषधाच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं उभी आहे मी. "सर्दीचं काहीतरी द्या" म्हणत कुणी आलं की आधी माझी उलटतपासणी सुरू. कुणासाठी? वय काय? बीपी आहे का? बाई असेल तर दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितंय का? लोक वैतागतात. एक गृहस्थ तर म्हणाले, "अहो बाई, गोळी मागतोय, तुमची मुलगी नाही मागत." मी म्हटलं, मुलगी एक वेळ न विचारता देईन, गोळी नाही देणार.

आणि घरी मात्र एकही प्रश्न न विचारता दिली.

माझ्या धाकट्या भावाची बायको माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, तरी मी तिला वहिनीच म्हणते. गरीब गाय. मी बोलायचं आणि तिने ऐकायचं, असं आमचं छान जमलेलं. तिचं दोनदा पोटातलं गेलं होतं. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आली त्यानंतर कित्येक दिवस ती आरशासमोर उभीच राहायची नाही. मग ही पोरगी झाली. दूध इतकं की पोरीला पिताना ठसका लागायचा. एकदा तिला पाजताना वहिनी म्हणाली, "ताई, माझ्या अंगाला एक तरी गोष्ट नीट जमली बघा." मी म्हटलं, "चल, नाटकी कुठली!" आणि पोरीच्या दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

पोरगी चार महिन्यांची असताना वहिनीला सर्दी-तापाने गाठलं. नाक चोंदलेलं, डोकं जड, पोरीला घेऊन बसली की श्वास घेता येईना. मी कामाला निघाले तेव्हा दारापर्यंत आली. "ताई, दुकानातून काही आणाल का? पण मी पाजतेय ना, तर—"

त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. "आता तू मला शिकव! बावीस वर्षं काय भाजी विकतेय मी?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुकान बंद करायच्या घाईत, सगळ्यात जास्त खपते त्या गोळीच्या खोक्यात हात घातला. आमच्याकडे अख्खी पट्टी क्वचितच जाते. कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापून द्यायच्या, माहितीचा कागद खोक्यातच राहतो. मी सहा कापल्या. नाव निम्मं दुसऱ्या तुकड्यावर गेलं. तिने वाचायचं म्हटलं असतं तरी काय वाचणार होती! घरी जाऊन हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ एक. डोळे मिटून घे."

तिने तशाच घेतल्या. नाक मोकळं झालं म्हणून इतकी खूश झाली की संपल्यावर मीच आणखी सहा आणून दिल्या.

आठवडा संपता संपता पोरगी पिता पिता सुटायला लागली. लाल होऊन रडायची, पुन्हा लावलं की पुन्हा सुटायची. माझ्या आईने लगेच निदान केलं, "धड खात नाही, सारखी कसली चिंता करत बसते, मग दूध येणार कुठून?" मी गप्प बसावं की नाही? मीही तोंड घातलं. "मन घट्ट कर गं जरा. काळजीनेच आटतं ते." भाऊ बिचारा पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला.

पुढच्या गुरुवारी दुकानात एक बाई आली, नाक पुसत. मी सवयीने विचारलं, तिने सांगितलं, बाळ दोन महिन्यांचं आहे, अंगावर पितं. माझा हात त्या खोक्याकडे गेलाच नाही. तोंड आपोआप बोलायला लागलं, "मग ती मिश्र गोळी नको. नाक सुकवायचं औषध असतं तिच्यात, त्याने दूध कमी होऊ शकतं. तापाला साधी पॅरासिटामॉल घ्या, नाकाला मिठाच्या पाण्याचा स्प्रे. आणि पाजणं थांबवू नका."

बाई गेली. मी काउंटर धरून उभी राहिले. त्याच खोक्यातल्या बारा गोळ्या मी वहिनीला नेऊन दिल्या होत्या.

आमचे फार्मासिस्ट मागे बसून हिशेब बघत होते. मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आणि एखादीने घेतलीच असेल, सहा दिवस, तर?"

"बंद करायची. डॉक्टरांना दाखवायचं. आणि दूध कमी असलं तरी बाळाला छातीशी लावत राहायचं," ते वर न बघता म्हणाले. "बहुतेकींचं परत येतं. लावणंच सोडलं तर मात्र अवघड होतं."

म्हणजे मला सगळं कळलं होतं. उपायसुद्धा कळला होता. घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं: वहिनी, चूक तुझी नाही, माझी आहे.

नाही बोलले. ज्या घरात कुणाला शिंक आली तरी मला विचारतात, त्या घरात मी काय तोंडाने सांगणार होते? चोरासारखी एवढंच म्हणाले, "सर्दी गेली ना, आता गोळ्या नकोत. आणि पोरीला लावत जा अधूनमधून."

"कशाला ताई?" ती म्हणाली. "नुसती रडते. माझ्यातच नाही, तर तिला तरी का छळू?"

दहा दिवस गेले. जगाला फाडफाड बोलणारी मी, दहा दिवस रोज ते वाक्य गिळत होते. दुसऱ्या रविवारी दुपारी भाऊ बाहेर गेला होता, आई झोपली होती. वहिनी ओट्याशी बाटली धूत होती. मी मागे उभी राहून सगळं सांगून टाकलं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, म्हटलं. गेलोही. डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं ते वहिनीने तीन आठवडे केलं, पण दूध परत आलं नाही. ते नंतरचं.

त्या दुपारी ती चिडली नाही. चिडली असती, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नळ बंद करून तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी," मी म्हटलं.

ती मनात दिवस मोजत होती. ओठ हलत होते.

"गुरुवारी येत होतं, ताई," ती म्हणाली. "थोडंसं, पण येत होतं. त्याच शनिवारी मी तिला शेवटचं अंगावर घेतलं. तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, हिलाही कळलं, आपल्या आईत काही नाही म्हणून."

मग बाटली पालथी घालून ती पोरीजवळ जाऊन बसली.