उम्म राफतची मेहंदीची टेप

जॉर्डनच्या इर्बिद शहरातल्या माझ्या दुकानात जुन्या व्हिडिओ टेपा मोबाइलवर पाठवता येतील अशा करून मिळतात. काम सोपं, गिऱ्हाईक अवघड. त्यात उम्म राफत म्हणजे कहर.

तिची टेप तिच्याच मेहंदीची. खोलीत फक्त बायका, कुणाच्या डोक्यावर ओढणी नाही, म्हणजे ती पुरुषानं बघायची नाही. आणि मशीन चालवणारा मी पुरुष! तोडगा तिनंच काढला. टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकला, त्यात डोकं घालून बसली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिचा नवरा अबू राफत दारात स्टुलावर जपमाळ ओढत होता.

"नसीम, वळलास तर बघ!"

"खाला, पस्तीस वर्षांपूर्वीच्या तुझ्या मावश्या बघून मला काय मिळणार?"

"तेव्हा एकेक काय दिसायची, तुला काय माहीत!"

तिचा जीव मात्र आईच्या आवाजात अडकला होता. आई जाऊन एकवीस वर्षं झाली. शुक्रवारी धाकट्या लेकीची, हालाची मेहंदी, तीही कॅनडात, आणि हिला व्हिसा मिळाला नव्हता. निदान आजीची किलकारी तरी पोचावी, लग्नकार्यात बायका जीभ नाचवत काढतात ती. आईची म्हणे तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची.

ढोलकी सुरू झाली. "आई उठली! कमरेला ओढणी बांधतेय, आता सोडेल बघ..."

"कॉर्नर किक!" टीव्हीतून समालोचक ओरडला.

टेबलक्लॉथमधून डोकं बाहेर आलं. दारातली जपमाळ थांबली.

"अबू राफत!"

"अगं, फायनल होती. घरात दुसरी टेप नव्हती. नवा कॅमेरा टीव्हीसमोर धरला आणि..."

"माझ्या आईच्या अंगावर फुटबॉल खेळलात!"

ती रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं. बंद करायला वळलो, तेवढ्यात मॅचमधून एका म्हातारीचा आवाज आला, "ऊठ रे गाढवा! मुलुखियाच्या भाजीची पानं वाळत घातलीयत, त्यावर बसलायस!"

"सासूबाई!" अबू राफत स्टुलावरून ताडकन उठला.

कॅमेऱ्यानं मॅचबरोबर घरातले आवाजही टिपले होते. मग गोल झाला, आणि म्हातारीनं भांडण विसरून जावयाच्या संघासाठी अशी किलकारी सोडली, की माझ्या कपाटाची काच थरथरली.

आम्ही ती चार वेळा ऐकली. दिसत होतं नुसतं मैदान, त्यामुळे ती घरातल्या पुरुषांनाही पाठवता येणार होती. अबू राफतनं हळूच माझा कोपर ओढला. "नसीम, किलकारी ठेव. तेवढं गाढव काप."

"एक अक्षर कापायचं नाही," उम्म राफत डोळे पुसत म्हणाली. "आई बोलतेय ती."

शुक्रवारी कॅनडात हालानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं लावली. आधी गाढव, मग किलकारी. ती संपताच इकडून उम्म राफतनं फोनवर आपली किलकारी सोडली.

मी दुकानात होतो. तिचं घर तिथून तीन गल्ल्या पलीकडे. मला ती फोनशिवाय ऐकू आली.